‘बिगीन’ म्हणणारे मास्तर

…तर तो शब्द इंग्रजी नाहीच. सत्कार समितीच्या गेल्या बैठकीत माझं हे सांगणं अर्धंच राहिलं, ते आधी पुरं करतो. दत्तोपंत मास्तरांची साठी होते आहे, आणि त्यांची माझी ओळखच मुळी या शब्दापायी झाली.

मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून नुकताच धाड गावी मामांकडे आलो होतो. बाजाराचा दिवस, आणि गावाला लागून कडब्याची गंजी पेटली. विहिरीपासून माणसांची रांग लावून मास्तर स्वतः घागरी उचलून देत होते, ओरडत होते, “बिगीन! बिगीन!” मला वाटलं, सुरू करा म्हणून इंग्रजीत हुकूम सोडताहेत. मी घागर धरून म्हणालो, “सर, वी हॅव बिगन!”

“कोन होय बे हा?” शेजारचा खेकसला. “पानी पुढं दे ना!”

“आपलाच हाये,” मास्तर म्हणाले. “घे बापू, बिगीन.”

गंजी गेली, पण घरं वाचली. संध्याकाळी मास्तरांनी मला बोलावून घेतलं. “वेग, वेगीनं, मंग बेगीन, बिगीन. आपल्या तोंडात ‘व’ चा ‘ब’ होते. आन ‘जल्दी’ निराळं, बरं का. जल्दी म्हननारा बसल्या जागून म्हनते. बिगीन म्हननारा संग धावते.”

मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीत मास्तर घरोघर पेज घेऊन असेच धावले. माझी मामी त्या पेजेवर उठली.

गेल्या पौषात त्यांची लेक सुलूताई बाळंतपणात अडल्या. बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली. मी मागून ढकलत होतो. चढावर मास्तर बैलांच्या बरोबरीनं पायी, तोंडात तोच शब्द. आतून सुलूताई म्हणाल्या, “बाबा, बैल थकले. आता बिगीन नोका म्हनू. माह्याजवळ बसा.” मास्तर गाडीत चढले. दवाखाना यायच्या आधीच सगळं संपलं. बाळही गेलं.

तेव्हापासून तो शब्द मास्तरांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. उशिरा येणाऱ्या पोराला ते नुसतं “ये” म्हणतात.

समितीचे पाटील म्हणतात, “तोच तं त्यायचा शब्द हाये. मास्तर मंचाकडे निघाले का सारे मिळून बिगीन म्हनू. काऊन नाई म्हनाव?” प्रेमानंच म्हणतात. सुलूताईंचं लिहू का, असं मी मास्तरांना विचारलं. “लिही,” म्हणाले. “तिचं नाव कुठंतरी छापून येईन.” तो शब्द समारंभात म्हणायचा का, हे मात्र मी विचारलं नाही.

मास्तरांना उदंड आयुष्य मिळो, गुडघ्यांत बळ राहो, आणि पुढची वर्षं सावकाश जावोत, कुणी त्यांना घाई करू नये. हा अंक समारंभाच्या आधी तुमच्या हाती पडेल, मास्तरांच्याही. ते मंचाकडे चालू लागतील तेव्हा आपण बिगीन म्हणायचं, की नुसतं उठून उभं राहायचं? तुम्हांला काय वाटतं?