म्हैसमाळच्या उतरणीवर पाठीवर टेकलेला हात

स्टाफरूममध्ये कुणी भानामतीचा विषय काढला की मी चहाचा कप घेऊन बाहेर जाते. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, प्रत्येक गोष्टीचं कारण शोधायची सवय आहे. म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला...

आम्ही गारखेड्यात राहतो. माझे धाकटे दीर, विलास भाऊजी, आणि मी – दोघांनाही चालायची आवड. डोंगररांगेतून जाणारी एक लांबलचक पायवाट आम्ही सुट्टीच्या दिवशी तुकड्या-तुकड्यानं पूर्ण करत होतो. त्या रविवारचा टप्पा म्हैसमाळ ते वेरूळ. थंडीचे दिवस, पण ऊन लख्ख. पठारावर नुसतं वाळलेलं गवत. माणूस लपेल असं झुडूपसुद्धा नाही – हे मुद्दाम सांगतेय.

उतरण लागली तिथं वाट अरुंद होते. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. भाऊजी पुढं होते, मी बरीच मागं. ते एकदम धडपडले, कातळाला धरून सावरले आणि वळून माझ्याकडं बघितलं.

"वहिनी, ढकलताय कशाला? मुरूम सरकतोय इथं."

"मी इथं आहे भाऊजी. माझा हात तरी पोचेल का तिथं?"

त्यांनी आमच्यातलं अंतर बघितलं. चेहरा उतरला. "तुम्ही व्हा पुढं," एवढंच म्हणाले.

मी पुढं झाले. थोडीच चालले असेन... पाठीवर, सॅकच्या खाली, तळहात टेकला. बोटं वेगवेगळी कळत होती. क्षणभर तो तसाच राहिला, आणि मग जोर. चिडलेला माणूस ढकलतो तसा. मी गुडघ्यावर आपटले, एक पाय दरीकडं सुटला. गवताचा झुपका धरून कशीबशी वर सरकले. बघते तर भाऊजी लांब वरच, दोन्ही हात काठीवर.

"ही कसली मस्करी?"

"आईशप्पथ, जागचा हललो नाय मी."

दरीच्या तोंडाशी उभं राहून आम्ही भांडलो. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आमचा आवाज एकमेकांवर कधी चढला नव्हता. शेवटी तेच म्हणाले, "हात द्या. संगंच उतरू."

कातळाला पाठ घासत, बसत-सरकत बरंच खाली आलो. शेवटी एक मोठा दगड उतरायचा होता. भाऊजी आधी उतरले, माझ्याकडं तोंड करून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी पाय खाली सोडला... आणि पाठीत पुन्हा तोच धक्का. दोघंही खाली गडगडलो. भाऊजींचं मनगट मोडलं.

वेरूळला पोचून रिक्षानं दवाखाना गाठला. घरी ह्यांनी माझ्या पाठीवरचा काळानिळा डाग बघितला. म्हणाले, "सॅक घासली असेल." सॅक वर असते, डाग कमरेजवळ होता.

वारा, चक्कर, उन्हाची भोवळ... सगळं लावून बघितलं. एकही उत्तर जुळत नाही. ती पायवाट आम्ही तिथंच सोडली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. भाऊजी खाली बघत म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. शेवटी दगडावर... तुम्ही मुद्दाम अंग टाकलं नव्हतं ना?"

मी नाही म्हणाले. पण मला राग आला नाही. कारण त्यांनी मला मुद्दाम खाली ओढलं का, हे मलाही त्यांना विचारायचं होतं. अजून विचारलेलं नाही.