डोंग्याचं सालाचं धान

लग्न होऊन मी सावली गावाकडच्या एका खेड्यात आले, त्याच वर्षी आमच्या घराने पहिल्यांदा डोंग्याचं सालाचं धान भरलं. एकोणीसशे पन्नासनंतरची ही गोष्ट. गावाला लागून वैनगंगा, पल्याड गडचिरोलीचा मुलूख, आणि मध्ये एकच डोंगा, लाकडी होडी. मासेमारी करून तो चालवणारा ढिवर माझ्या सासऱ्यांच्याच वयाचा होता. पार जायचं तर दोन रीती होत्या. दर खेपेला त्याच्या हातावर आणा ठेवायचा, नाहीतर मळणीनंतर पोतंभर धान द्यायचं आणि मग घरातल्या सगळ्यांनी सालभर हवं तेव्हा जायचं-यायचं.

मळणी झाली की ढिवरभाऊ खळ्यावर येऊन बसायचा, बिडी पेटवायचा आणि सालाच्या धानाचं विचारायचा. सासरे दरवर्षी नाही म्हणायचे. मी ते त्या वर्षी प्रथमच ऐकलं.

"हे पाय गा," सासरे म्हणाले, "पान्याच्या दिवसात नदीले पूर, तुहा डोंगा झाडाले बांधून. उनाळ्यात पानी घोट्याएवढं, मानूस चालत पार होते. राह्यला हिवाळा. त्यात आमी धान कापून राह्यलो, चुरून राह्यलो. मंग सालभराचं धान काहाचं?"

"बरोबर हाये भाऊ," ढिवरभाऊ म्हणाला आणि उठायला लागला.

"देऊन टाका," सासूबाई म्हणाल्या.

त्या सुपाने धान पाखडत होत्या. मान वर केली नाही, सूपही थांबलं नाही. व्यवहारात त्या कधी बोलत नसत, त्यामुळे सासरे आधी इकडेतिकडे बघायला लागले, हे बोललं कोण म्हणून.

"काऊन?" त्यांनी विचारलं.

"माही बहीन पल्याड रायते."

"ते तं लगन झाल्यापासून पल्याडच रायते."

"म्हनूनच तं," सासूबाई म्हणाल्या.

मी पदर तोंडात कोंबला. नव्या सुनेने खळ्यावर हसायचं नसतं.

धाकट्या बहिणीचं गाव नदीच्या अगदी समोर होतं. सकाळी त्यांच्या चुलींचा धूर आमच्याकडून दिसायचा. तरी दोघी बहिणींची भेट व्हायची ती कुणाच्या लग्नात नाहीतर मयतीत. एवढ्याशा भेटीसाठी जातायेता आणे कशाला मोडायचे, असं म्हणून सासूबाई राहून जायच्या, आणि सासऱ्यांना वाटायचं की त्यांना जायचंच नसतं.

सासऱ्यांनी पोतं भरून दिलं. संध्याकाळी जेवून हात धुतल्यावर त्यांनी आम्हाला बजावलं, "धान गेलं ते गेलं. आता ह्या घरातल्या कोनी घरी बसाचं नाई."

दुसऱ्याच दिवशी सासूबाई मला घेऊन निघाल्या. माझं माहेर मूल गावाकडचं, भातशेतीचं. तिथे तलाव होते, पण मी डोंग्यात कधी पाय ठेवला नव्हता. डोंगा हलला तशी मी दोन्ही हातांनी काठ धरला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने बघते तर सासूबाई हात पाण्यात सोडून बसल्या होत्या, बांगड्यांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या एकट्याच हसत होत्या. त्यांनी माझी बोटं एकेक करून काठावरून सोडवली. मधल्या धारेत थंड वारा आला आणि मलाही हसू फुटलं. ते पल्याड पोचेपर्यंत थांबलं नाही. ढिवरभाऊ म्हणाला, "बाई, तुमच्या सुनेले काही झालं का?"

बहिणीच्या दारात आम्ही उभ्या राहिलो तर ती घाबरली. "कोन गेलं?" तिने विचारलं. कोणी गेलं नाही, आम्ही अशाच आलो, हे तिला पटायला एक चहा लागला. मग दोघी अशा बोलत सुटल्या की मी आणि त्यांची म्हैस, दोघी नुसत्या ऐकत राहिलो.

त्यानंतर आमच्या घराला डोंग्याचं वेडच लागलं. सासरे दाढी करायला पल्याडच्या न्हाव्याकडे जायला लागले. आमचा गावचा न्हावी चांगला होता. पल्याडचा गाल कापायचा. तरी सासरे गालाला तुरटी लावून खुशीत परत यायचे. वांगी आमच्या वाडीत लागलेली असताना गडचिरोलीच्या बाजारातून वांगी यायची. ओळख नसलेल्यांच्या बारशाला आम्ही जाऊन आलो. सासूबाई तर आठवड्यातून कितीदा जायच्या ते त्यांनाही ठाऊक नसेल. कालवण उरलं तरी डबा घेऊन निघायच्या.

एक दिवस सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावलं. "सकाळपासून डोंगा रिकामा जाऊन राह्यला," ते म्हणाले. "सुनबाईले घेऊन जाय, मावशीच्या इथून कोहळं आन."

भरल्या घरात आम्ही नवरा-बायको दिवसा एकमेकांकडे बघतही नव्हतो. पल्याड उतरलो तर समोर लांबच लांब रेती आणि माणूस कोणी नाही. ते पुढे, मी मागे. थोडं चालल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "संग चाल ना." मग रेतीत बसून त्यांनी मला गावातल्या एकेकाच्या चालीची नक्कल करून दाखवली. इतका गप्प माणूस नकला करतो हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी स्वतःच्या बापाचीही नक्कल केली, कापलेला गाल चोळत येणाऱ्या. मी रेतीवर आडवी होऊन हसले. उन्हं कलली तेव्हा ढिवरभाऊची हाक आली आणि आम्ही धावत डोंगा गाठला. घरी पोचेपर्यंत कोहळ्याची आठवण दोघांनाही झाली नाही.

"कोहळं?" सासऱ्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनी एकमेकांचे रिकामे हात बघितले.

"जाऊ दे," ते म्हणाले. "खेप तं झाली ना."

पौष लागला आणि ढिवरभाऊ आमच्या अंगणात आला. बसला नाही, बिडीही काढली नाही. "भाऊ, तुमचं धान वापस घ्या," तो म्हणाला. "माहे हात राह्यले नाई. तुमी त्या काठावरून आवाज देता, बाई ह्या काठावरून आवाज देते. मी मच्छी कवा धरू?"

सासऱ्यांना फार लागलं. दिलेलं धान परत घेणारा माणूस मी नाही, असं त्यांनी सांगितलं. "तुह्या हाताले तरास होते ना? मंग मी चालवतो डोंगा."

बातमी गावभर झाली. काठावर लोक जमले. सासूबाई, मी आणि माझा नवरा डोंग्यात बसलो. सासऱ्यांनी धोतर खोचलं आणि बांबू पाण्यात रोवला. डोंगा निघाला तो सरळ न जाता जागच्या जागी फिरायला लागला. एकदा पल्याड दिसायचं, एकदा आपलं गाव. सासरे जितका जोर लावत तितका डोंगा वेगाने फिरे. शेवटी बांबू चिखलात अडकला, डोंगा पुढे सरकला आणि बांबू मागेच राहिला. आम्ही धारेला लागलो.

"बुडलो आपन," सासरे म्हणाले. "ढिवरभाऊले आवाज द्या."

ढिवरभाऊ काठावरून शांतपणे पाण्यात उतरला आणि चालत आला. पाणी त्याच्या कमरेपर्यंतही पोचलं नव्हतं. त्याने आधी बांबू उपटला, मग डोंग्याचं टोक धरलं आणि बैलाला दावं धरून न्यावं तसं आम्हाला काठाकडे घेऊन निघाला. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना बसवेना. हसता हसता नवऱ्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं, गावासमोर, आणि आम्हाला कुणालाच त्याची लाज वाटली नाही. सासरे पाण्याकडे बघत उभे होते. मग त्यांचेही खांदे हलायला लागले.

त्यानंतर सासऱ्यांचा आणि ढिवरभाऊचा समझोता झाला. सासऱ्यांनी गावचा न्हावी पुन्हा धरला. सासूबाईंनी हाका मारणं सोडलं, डोंगा आपणहून निघेल तेव्हा त्या बसायच्या. उन्हाळ्यात नदी आटली आणि आम्ही रेतीतून चालत पार जायला लागलो, तेव्हा सासरे दोन-तीनदा म्हणाले, हे फुकट जाऊन राह्यलं, धान उगाच दिलं. तरी पुढच्या मळणीला त्यांनी काही न बोलता पोतं बाजूला काढून ठेवलं.

त्या दुसऱ्या वर्षी सासूबाई कमीच गेल्या. धान भरूनही तुम्ही जात का नाही, असं मी एकदा विचारलं.

"कवाही जाता येते ना," त्या म्हणाल्या. "मंग घाई काहाची?"

आम्ही अंगणात लाखोरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. तेवढ्यात फाटकातून त्यांची बहीणच आत आली, डोक्यावर टोपली घेऊन. तिच्याही घरच्यांनी यंदा सालाचं धान दिलं होतं. सासूबाईंनी सरकून तिला चटईवर जागा केली आणि तिच्यापुढे शेंगांचा ढीग लोटला.