साहेबांचा कूलर

अकोल्यात ऊन तापलं की माणसं आधी कूलर काढतात, मग बाकीचं आयुष्य जगतात. आमच्या रुग्णालयाच्या सर्व्हर रूममधला एसी अर्धमेला होता, तरी तेवढ्या गारव्यासाठी आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी आपली खुर्ची तिथेच आणून टाकली होती. एसी पुरेना म्हणून त्यांनी घरचा जुना लोखंडी कूलर मागवला आणि सर्व्हरच्या कपाटाला टेकवून ठेवायला लावला. रोज दुपारी त्यात बादल्यांनी पाणी भरून तो चालू करायचा, हे काम माझ्या सोबत्याकडे आलं. तो तेल्हाऱ्याहून एसटीने यायचा. नेमणूक स्टोरेज, म्हणजे सर्व्हरवरचा साठा सांभाळायची, पण कंत्राटी माणसाला नाही म्हणता येत नाही.

त्याच उन्हाळ्यात दुपारी सीटी स्कॅनची चित्रं उघडेनाशी झाली. चार सर्व्हर मिळून या चित्रांचा सगळा साठा सांभाळत. एक अडला की चारही अडत. डॉक्टर साहेबांवर ओरडत, साहेब आमच्यावर. सगळ्या स्टाफपुढे ते माझ्या सोबत्याला म्हणाले, "तेल्हाऱ्याच्या माणसाले कापूस समजते, कॉम्प्युटर नाई." लोक हसले. त्या हसणाऱ्यांच्या थोबाडात द्यावीशी वाटली मला. कारण सापडलं नाही तर महिनाअखेरीला त्याचं कंत्राट वाढणार नाही, हेही साहेबांनी तिथेच सांगून टाकलं.

आम्ही दोघांनी नेटवर्क पाहिलं, मग एकेक डिस्क तपासली. एकही खराब निघाली नाही. तरी सगळ्यात खालच्या सर्व्हरच्या डिस्क दुपारभर रेंगाळत आणि संध्याकाळी सुतासारख्या सरळ होत.

एका दुपारी लाइन गेली. सर्व्हर यूपीएसवर चालूच राहिले, कूलर तेवढा बंद पडला, आणि पडद्यावर त्याच डिस्क पळायला लागल्या. लाइन आली, कूलर घरघरला, त्या पुन्हा मेल्या. मी कपाटाला हात लावला तर ते पिठाच्या गिरणीसारखं थरथरत होतं. त्या हादऱ्यांनी डिस्कचं वाचन चुकत होतं, तीच जागा पुन्हा पुन्हा वाचावी लागत होती. सोबत्याचे डोळे भरून आले.

"वाचलो, मॅडम," तो म्हणाला.

साहेब खुर्चीत डुलक्या घेत होते. त्यांना उठवून सगळं समजावलं, कूलर हातभर सरकवला, चित्रं फटाफट उघडून दाखवली. साहेबांनी कूलरकडे बोट केलं.

"हा रोज चालू कोन करते?"

"मी, साहेब."

"मंग सर्व्हर अडवले कोनं?"

कूलर तुमचा आणि जागाही तुम्हीच दाखवली, असं मी तोंडावर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी कशी देतात ते मी त्या खोलीत उभं राहून पाहिलं.

कंत्राट वाढलं नाही. शेवटच्या दुपारीही साहेबांनी त्याच्याकडून कूलर भरून घेतला. तो डबा पिशवीत टाकून निघाला तेव्हा खुर्चीतूनच म्हणाले, "जाता जाता दार लावून घेजो, गारवा बाहेर जाते."

त्याने दार नीट लावून घेतलं.