न्हावऱ्याहून दोन कॅन घेऊन

सकाळी सहाच्या शिरूर एसटीत बसले तेव्हा माझ्या हातात बर्फाची रिकामी पेटी होती आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. कारण साधं होतं. माझ्या प्रबंधाला आता फक्त एक नमुना हवा होता. फक्त एक!

मी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात एम.डी. करते. शिरूर-दौंडकडची माणसं दिवसाला किती मीठ खातात, हा माझा विषय. ते मोजायची खात्रीची वाट लघवीतून जाते. माणसाला पाच लिटरचा कॅन द्यायचा, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायला सांगायची आणि तिथून पुढच्या सकाळपर्यंतची थेंबन् थेंब कॅनमध्ये गोळा करायची. वर्षभर मी हेच करत हिंडले. आई नातेवाइकांना सांगते, "मुलगी संशोधन करते." कसलं, ते सांगत नाही.

शेवटचे दोन कॅन बाहेर होते, एक सणसवाडीत आणि एक न्हावऱ्यात. त्यातला एक तरी नीट भरलेला कॅन दुपारी चारच्या आत दौंडच्या आमच्या केंद्रावर पोचला की झालं. नाही पोचला तर प्रबंध सहा महिने पुढे. माझ्या गाइड मॅडमनी तसं बजावलंच होतं. पण दोनातला एक तर मिळेलच की, या हिशेबानं मी खिडकीत बसून गुणगुणत होते.

सणसवाडीत कंपन्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. प्रत्येक दारापुढे सेफ्टी शूज वाळत पडलेले. आमचे सहभागी रामबाबू रात्रपाळी करून नुकतेच आले होते. त्यांनी मोठ्या अदबीनं कॅन पुढे केला. तळाला पेलाभर.

"मॅडम, कंपनी में कैसे ले जाता? गेट पे चेकिंग होता है. सिक्युरिटीवाला बोलेगा, ढक्कन खोलो."

मला त्या सिक्युरिटीवाल्याचा चेहराच डोळ्यांपुढे आला आणि मी खो खो हसत सुटले. रामबाबूही हसले. एक कॅन बाद झाला होता, तरी हसू थांबेना.

शिक्रापूरला उतरून न्हावऱ्याची गाडी धरली. तळेगाव ढमढेरे मागे पडलं की दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कांद्याचे हिरवे तुकडे आणि बुलेटवर दुधाच्या किटल्या अडकवून निघालेली माणसं. ऊन कोवळं होतं. मी खरंच सुखात होते.

न्हावऱ्यातल्या आमच्या सहभागी आबांचं घर रस्त्यालगतच. आबा साठीचे, कांदेवाले शेतकरी, कमी बोलणारे. परवा मी कॅन ठेवून गेले तेव्हा माझ्या सगळ्या सूचना त्यांनी मान हलवत ऐकल्या होत्या. आज ते मागे चाळीत (कांदा साठवायची जाळीची लांब खोली) होते. कॅन त्यांच्या बायकोनं, म्हणजे आजींनीच, आणून ओट्यावर ठेवला.

पाच लिटर. झाकणापर्यंत काठोकाठ.

मी आनंदानं एक गिरकीच घेतली. आजींचे दोन्ही हात धरले. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. साठीचा माणूस, एका दिवसात पाच लिटर?

"आजी, हे सगळं आबांचं?"

"एकट्या माणसाचं येवढं कुठं व्हतंय?" आजी कौतुकानं म्हणाल्या. "काल सांजच्याला बघितलं तर कॅन कोरडा ठाक! म्हटलं ह्यांना लाज वाटली आसंल. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं न्हाई, आशी पद्धत हाय आमच्यात. मग सगळ्यांनी हातभार लावला."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"म्या, सून, दोन्ही पोरं. पाव्हणं आलं व्हतं मुक्कामी, त्यांनी बी."

पाव्हणं म्हणजे जावई. सासुरवाडीला आलेल्या जावयानंसुद्धा माझ्या प्रबंधाला हातभार लावला होता! मी ओट्यावर बसले आणि इतकी हसले की पोट दुखलं. आणि हसता हसता रडायलाच लागले. सहा महिने गेले. घरी काय सांगू, मॅडमना काय सांगू?

आजी घाबरल्या. सुनेनं पाणी आणलं. तेवढ्यात चाळीतून आबा आले. त्यांनी कॅनकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ह्यात वतलं व्हय तुम्ही?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्याडम, रडू नका. माझं माझ्यापाशी हाय."

ते पुन्हा आत गेले आणि तेलाचा धुतलेला कॅन घेऊन आले. झाकणाला सुतळी आवळलेली आणि सुतळीत एक चिठ्ठी.

आबांनी पंधरा वर्षं गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट काढायचं (दुधातली स्निग्धता मोजायचं) काम केलं होतं, हे मला तिथं कळलं. "जमा येगळं आन् सॅम्पल येगळं," ते म्हणाले. "तुमचा कॅन वसरीवर उघडा. घरात पोरंसोरं, पाव्हणं-रावळं. कोण कवा काय वतंल, सांगता येतंय व्हय? म्हून म्या सॅम्पल कुलपात ठिवलं."

चिठ्ठीवर प्रत्येक वेळ लिहिली होती. पहिल्या ओळीत 'सहा वाजता, टाकून दिली'. शेवटची ओळ दुसऱ्या दिवशीच्या सहाची. वर्षभरात इतका चोख नमुना मला कुणीच दिला नव्हता, अगदी सुरुवातीला सरावापुरते नमुने देणाऱ्या आमच्या कॉलेजातल्या मुलांनीसुद्धा! मी मॅडमना फोन लावला. धुतलेला डबा चालेल म्हणाल्या. मी आबांच्या पायाच पडले.

मग जेवल्याशिवाय सोडतात कुठले! शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची रस्सेदार कडबोळी), भाकरी, ठेचा आणि ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ. आबांनी त्या मिठाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

निघताना आजींनी मोठा कॅनही पुढे केला. "आन् हे? हे आम्ही काय उगंच भरलं?"

मला नाही म्हणवेना. दोन्ही घेतले.

चौफुल्याच्या गाडीत कंडक्टर म्हणाले, "दूध का?" मी म्हटलं, नाही. "ताक?" नाही. मग मी खरं सांगितलं. आख्खा बाक मला मोकळा मिळाला. भीमा ओलांडेपर्यंत गाडीभर हशा चालला होता. चौफुल्यावर दुसरी गाडी मिळाली, पण तिथंही शेजारच्या मावशींना सगळी हकिगत सांगायच्या नादात दौंडसाठी पाटसला उतरायचं राहिलं आणि एकदम कुरकुंभ आलं. औषधांच्या कारखान्यांचा तो नाकात बसणारा वास, पाळी सुटलेली माणसं, आणि घड्याळात सव्वातीन! एक वडाप (माणसं भरून सुटणारी जीप) उभी होती. ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, भरायची वाट बघू नका. यात एका माणसाचा पूर्ण दिवस आहे आणि माझे सहा महिने." त्यानं कॅनकडे पाहिलं आणि गाडी सोडली.

चारला पाच मिनिटं असताना मी दौंडच्या केंद्रात शिरले. टेक्निशियन शिंदेंनी चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली, मापलं, बाटलीत भरलं आणि शिक्का मारला. संपलं! मी त्यांच्या टेबलाभोवती नाचले. ते म्हणाले, दुसरा कॅन बाहेर न्या.

पुण्याच्या गाडीची वाट बघत फलाटावरून आबांना फोन केला. "आबा, तुमचा नमुना पास झाला."

"माझं ऱ्हाऊ द्या. बाकीच्यांचं कसं हाय? समदी वसरीवर बसल्यात, आजी इचारतीय."

माझं हसू थांबलं. मला वाटलं होतं, भांड्याच्या रीतीपायी त्यांनी कॅन भरला. तेही खरंच होतं. पण शहरातून डॉक्टर आली आहे, तपासायला घेऊन चालली आहे, तर आपलंही काय ते कळेल, असं त्या घरातल्या प्रत्येकाला वाटलं होतं. आणि मी वर्षभर घरोघर जाऊन एकेकाचं नाव यादीत शोधत होते, बाकीच्यांना 'तुम्ही नाही' म्हणत होते. मला स्वतःची लाज वाटली.

"आबा, त्या कॅनमधून काही कळायचं नाही," मी म्हटलं. "रविवारी मी येते. बीपीचं मशीन आणते, एकेकाचं रक्त तपासायला घेते. सगळ्यांचं बघते, पाव्हण्यांचंही."

पलीकडे आबांनी ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. गलका झाला. मग ते फोनवर परत आले.

"या की. पण म्याडम, कॅन आणू नका. आता घरात कुणापाशी शिल्लक न्हाई."