बारा कोऱ्या प्लेटा

धाराशिवला मी जिथं शिकले तिथं फक्त एम.ए. आणि एम.एस्सी.चे वर्ग होते. पदवीची पोरं नाहीत, त्यामुळे गॅदरिंग नाही आणि गेटवर मोटारसायकलींचा धुरळाही नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात आम्ही अकराजण. सोयाबीनच्या काढणीला त्यातले सात गायब व्हायचे आणि मॅडम उरलेल्या चौघांना तेवढ्याच मोठ्या आवाजात शिकवायच्या. मला ती जागा फार आवडायची. तिथं मला कुणी 'लग्नाचं काय?' असं विचारत नव्हतं.

घरी तो प्रश्न होताच. तेरजवळच्या आमच्या गावातून मी रोज एसटीने ये-जा करायचे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली होती, "दोन वर्षं शीक. तिसरं मागू नको." मीही तोऱ्यात म्हटलं होतं, तिसरं लागणारच नाही.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला स्वतः काहीतरी शोधून त्यावर प्रबंध द्यावा लागतो. मी गावातल्या पिण्याच्या बारा विहिरींचं पाणी निवडलं. एका सोमवारी सकाळी उकळून घेतलेल्या बाटल्या भरल्या, बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि तो डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. प्रयोगशाळेत ते पाणी काचेच्या प्लेटांवर थेंबथेंब पसरलं. पाण्यात जिवाणू असले की दोन दिवसांत प्लेटवर त्यांचे ठिपके उगवतात. बुधवारी बघते तर बाराही प्लेटा कोऱ्या.

"इतकं शुद्ध पाणी असतं तर तुमच्या गावातनं सलाईनच्या बाटल्या भरून नेल्या असत्या," मॅडम म्हणाल्या. "एक तर तुझा हात चुकलाय, नाहीतर तू विहिरींवर गेलीच नाहीस."

दुसरं वाक्य मला झोंबलं. प्रबंध द्यायला पाच आठवडे उरले होते. हुकलं तर पुढचं वर्ष, म्हणजे तिसरं वर्ष, म्हणजे घरी बसणं. एसटीत खिडकीकडे तोंड करून मी तेरपर्यंत रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला हे सांगत होते. अण्णा शेजारी चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हंजी पाणी चांगलं निघालं न्हवं? मग रडायला काय झालं?"

"इतकं चांगलं निघतच नसतं, अण्णा."

"निघनारच की. आईतवारी म्या समद्या हिरींत पावडर टाकलीया."

ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून ब्लिचिंग पावडर मागून घेऊन हा माणूस भर उन्हात बारा विहिरी फिरला होता. कशासाठी? "पाण्यात काय घाण निघाली तर तुझे मार्क कापतेल म्हनलं."

मी नको ते बोलले. बाटल्या भरल्या त्या दिवशी पाण्याला पावडरीचा वास येत होता आणि तो मला कळायला हवा होता, हे कबूल करायची माझी तयारी नव्हती, म्हणून जास्तच बोलले. अण्णांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. "आता काय करायचं ते सांग," एवढंच म्हणाले. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

पावडरीचा असर उतरेपर्यंत पंधरा दिवस थांबलो आणि पुन्हा बाटल्या भरल्या. या वेळी प्रत्येक विहिरीवर दोर अण्णांनीच सोडला. प्लेटा ठिपक्यांनी भरून गेल्या, आणि सगळ्यांत जास्त ठिपके आमच्याच विहिरीचे निघाले. मॅडम म्हणाल्या, आधीच्या कोऱ्या प्लेटाही लिही आणि त्या का कोऱ्या राहिल्या तेही लिही. मी लिहिलं, 'एका ग्रामस्थाने विहिरींत पावडर टाकल्यामुळे.' बापाची चूक चारचौघांत कशाला मांडायची, असं मला वाटलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्याच ओळीवर थांबले. "हा एक ग्रामस्थ कोण? की कोऱ्या प्लेटा झाकायला तुम्ही गोष्ट रचली?"

गोष्ट रचली असं ठरलं तर नंतरच्या भरलेल्या प्लेटांवर तरी कोण विश्वास ठेवणार होतं? त्या दिवशी अण्णा मला सोडायला आले होते आणि दाराबाहेरच्या बाकड्यावर बसले होते. दार उघडंच होतं. चपला बाहेर काढून ते आत आले.

"त्यो ग्रामस्थ म्या हाय, साहेब. हिचा बाप. मार्क कापायचे तर माझे कापा."

मॅडमनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली. "पास आहे हो तुमची पोरगी, बसा आता," असं परीक्षक म्हणेपर्यंत अण्णा टोपी हातात धरून उभेच होते.