केसर महिन्याभरात केवढी वाढली!

घोळ माझ्या हातून पुष्कळ झालेत, पण ज्याचा फोटो अजूनही लोकांच्या ई-मेलमध्ये पडलेला आहे असा एकच. चहा गार होऊ देऊ नका, सांगतो.

आम्ही तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहायचो. दोन हजार पाचचा सुमार. मी, बायको मेधा आणि पाचवीतली रेवा. रेवाच्या सायन्सच्या बाईंनी, मिसेस हॉलंड त्यांचं नाव, वर्गात सापाची अंडी उबवली होती. कॉर्न स्नेक नावाचा साप. बिनविषारी, केशरी, अंगावर लालसर ठिपके. पिल्लं निघाली आणि बाईंनी विचारलं, "कोणाला हवंय?" रेवाचा हात सगळ्यांच्या आधी वर.

"साप?" मेधा म्हणाली. "मुद्दाम घरी आणायचा?"

"आई, प्लीज! शी इज सो टायनी!"

पुण्यात आमच्याकडे साप निघाला की सर्पमित्राला फोन करायचे. इथे सर्पमित्र माझ्याच पोटी जन्माला आलेली. कोणाला फोन करणार?

मेधा शेवटी तयार झाली, पण अटी घालून. ती त्या प्राण्याला हात लावणार नाही, आणि त्याचं खाणं तिच्या फ्रीजरमध्ये येणार नाही. कारण त्याचं खाणं म्हणजे उंदराची गोठवलेली पिल्लं. ती खवलेल्या नारळाच्या पाकिटाशेजारी ठेवायची? मग गॅरेजमधला जुना फ्रीज चालू केला.

आम्ही शाळेत पिल्लू आणायला गेलो. बुटांच्या खोक्याएवढा प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला भोकं, आत पेन्सिलीएवढं जाड एक केशरी वेटोळं. रेवाने तिथेच नाव ठेवलं, केसर. मिसेस हॉलंड मला म्हणाल्या, "धिस बॉक्स इज ऑल शी नीड्स फॉर नाउ."

मी छान हसून मान हलवली.

आता 'फॉर नाउ' म्हणजे काय हो? मी समजलो, घरी पोचेपर्यंत! आपण नाही का, बाहेरून पार्सल आणलं की घरी आल्यावर नीट पातेल्यात काढतो? बाईंच्या मनात होतं, पुढचे कित्येक महिने. पण मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, आता हिच्यासाठी खरं घर बघू. त्याच संध्याकाळी धनंजय आला. माझा मित्र, नागपूरचा, दोन गल्ल्या सोडून राहायचा. कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं.

"अबे, माझा मासा पाहिला ना तू?" तो म्हणाला. "बरणीत होता तोवर नखाएवढा होता. टँकमध्ये टाकला तं तळहाताएवढा झाला! जनावर जागेच्या हिशोबाने वाढते बे. तू डब्यात ठेवशील तं डब्याएवढीच राहील ती."

मला हे एकदम पटलं. पटायला कारणही होतं. मी स्वतः दोन खोल्यांत पाच भावंडांबरोबर वाढलो. माझी उंची कुठे थांबली ते तुम्ही बघताच आहात.

रेवा म्हणाली, "बाबा, मिसेस हॉलंड म्हणाल्या बेबी स्नेक्स लाइक स्मॉल स्पेसेस."

"बेटा, जागेची टंचाई मी भोगली आहे," मी म्हटलं. "तिला आवडते असं म्हणू नकोस."

पुढच्या शनिवारी घर सोडून जाणाऱ्या एकाच्या मूव्हिंग सेलमध्ये मला टँक दिसला. टँक कसला, काचेचा सोफाच तो! धनंजय आणि मी दोघांनी उचलून आणला तेव्हा वाटेत चारदा खाली ठेवावा लागला. फॅमिली रूममधला टीव्ही कोपऱ्यात सरकवला आणि तिथे टँक मांडला. केसरला आत सोडलं. मैदानात सुतळीचा तुकडा पडावा तशी दिसत होती ती.

"रिकामं वाटतंय," मी म्हटलं.

आणि मग मला किल्ला सुचला.

दिवाळीत अंगणात किल्ला करण्यात आमच्या आळीत माझा हात कोणी धरत नव्हता. अमेरिकेत आल्यापासून ती हौस दाबून ठेवली होती. दोन वीकएंड मी त्या टँकमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलो. दगड रचले, तटबंदी केली, बुरूज उभे केले, पायऱ्या काढल्या, खाली भुयारं ठेवली. टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी असते ना, ती बसवून तटाखालून चोरदरवाजा केला. वर भगवा झेंडा. मेधा येऊन बघून गेली.

"सापासाठी केलंस की तुझ्यासाठी?"

मी झेंड्याची काडी सरळ करत राहिलो.

केसर मात्र खाईना. रेवा चिमट्यात धरून उंदराचं पिल्लू पुढे करायची, केसर तोंड फिरवून भुयारात पळायची. सकाळी खाणं तसंच पडलेलं. मग ती दिसेनाशीच झाली. एखाद्या दिवशी शेपटीचं टोक दिसलं तर नशीब.

"बाबा, शी इज स्केर्ड," रेवा म्हणायची.

"स्केर्ड नाही गं, कंटाळली असेल," मी म्हटलं आणि बालेकिल्ल्यावर आणखी एक मजला चढवला.

म्हणजे बघा, तिला लपायला जागा कमी असती तर ती दिसली असती. ती दिसत नाही म्हणून मी जागा वाढवत होतो!

तेवढ्यात तो शनिवार आला. रेवा मैत्रिणीकडे स्लीपओव्हरला गेली होती, रविवारी दुपारी येणार होती. सकाळी मेधाची हाक आली.

"अरे, टँकचं झाकण अर्धवट कोणी ठेवलंय?"

मीच. आदल्या संध्याकाळी झेंडा सरळ करायला काढलं होतं.

आम्ही दोघं टँकच्या काचेला नाक लावून बघत राहिलो. भुयारात टॉर्च मारला. केसर कुठेच नाही. मेधा शांतपणे डायनिंगच्या खुर्चीवर चढून उभी राहिली आणि म्हणाली, "सापडल्याशिवाय मी खाली येणार नाही. आणि रेवा यायच्या आत सापडली पाहिजे."

सोफ्याच्या गाद्यागिरद्या काढल्या. बूट झटकले. वॉशिंग मशीनच्या मागे कोट हँगर घालून पाहिला. शेवटी गॅरेजमध्ये गेलो. तिथे जुन्या फ्रीजमागे ऊब होती, आणि त्या उबेत, काय सांगू, पसरून पडलेला केशरी साप! लाल ठिपके तेच. रंग तोच. फक्त माझ्या मनगटाएवढा जाड, आणि लांबीला मी दोन्ही हात पसरले तरी कमी पडतील इतका.

मी दोन पावलं मागे सरलो. पण दुसऱ्याच क्षणी डोक्यात प्रकाश पडला. झाकण रोज थोडंफार उघडं राहत असणार. ही रोज बाहेर येत असणार. घरातलं खात नव्हती, कारण गॅरेजमध्ये ताजे उंदीर! आणि वर एवढं मोठं घर! धनंजय काय म्हणाला होता?

"केसर?" मी हाक मारली.

त्या सापाने डोकं वर केलं.

ओळखलंन की हो मला!

कपड्यांची बास्केट आडवी धरून आणि पानं ओढायच्या दाताळ्याने ढकलत ढकलत मी तिला आत घेतलं. आपलंच लेकरू आहे म्हटल्यावर धीर आला होता. टँकमध्ये सोडली तर तटबंदीवरून अशी वळसे घेत पसरली की टँक एकदम भरल्यासारखा वाटला. मेधा खुर्चीवरूनच बघत होती.

"ही एवढी कधी झाली?"

"जागा मिळाली की वाढतात," मी म्हटलं.

धनंजय कॅमेरा घेऊन धावत आला. "सांगत होतो ना बे मी!" त्याने माझा टँकला टेकून, हाताची घडी घालून फोटो काढला. मी तो मराठी मंडळाच्या ई-मेल ग्रुपवर टाकला. अख्ख्या परिसरातली मराठी घरं त्या ग्रुपवर! वर लिहिलं, 'आमची केसर महिन्याभरात केवढी वाढली! योग्य निवास आणि थोडी मायेची निगा.' आत्तासुद्धा लिहिलेलं आठवलं की कान गरम होतात.

रविवारी दुपारी रेवा आली. मी तिचे डोळे झाकून टँकपाशी नेलं आणि हात काढले.

तिने एकदाच बघितलं.

"बाबा, दॅट्स नॉट केसर."

"अगं, वाढली ती."

"स्नेक्स डोंट ग्रो लाइक दॅट! बाबा, हा वाइल्ड आहे! हे साप इथल्या वुड्समध्ये असतात." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "केसर कुठे आहे?"

मी टँककडे बघितलं.

"ती आत होती? तुम्ही ह्याला तिच्या टँकमध्ये टाकलं? बाबा, डिड ही ईट हर?"

आता हसू नका. त्या वेळी कोणीच हसत नव्हतं. रेवाचा चेहरा पांढरा पडला होता. मी आयुष्यात खूप गोष्टी विसरलो, तो चेहरा नाही विसरलो. साप आत होता, त्याला बाहेर काढायला हवं होतं, आणि माझे हात पुढे जाईनात. काल ते माझं लेकरू होतं हो! आज तो रानातला अनोळखी साप होता. मी दाताळं धरून नुसता उभा.

मेधाने ते माझ्या हातातून घेतलं.

"सरक."

साप बघितला की खुर्चीवर चढणारी ही बाई! तिने बास्केट लावली, दाताळ्याने त्याला सावकाश आत घेतलं, वर जाड चादर टाकली, कडा आवळून धरल्या आणि चपला घालून निघाली. मी मागून. आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे कॉलनीच्या, तळ्यापलीकडे झाडी होती. तिथे तिने बास्केट कलती केली. साप दोन क्षण थांबला आणि पानांत शिरला. मेधा रिकामी बास्केट माझ्या हातात देऊन पुढे चालायला लागली.

घरी रेवा किल्ला उकलत बसली होती. मीही बसलो. झेंडा, बालेकिल्ला, बुरूज, एकेक दगड उचलून आम्ही गालिच्यावर ठेवत होतो. प्रत्येक दगडाखाली बघायचं, काही नाही. भुयारं मोकळी केली, काही नाही. रेवा रडत नव्हती, नुसती भराभर दगड काढत होती.

सगळ्यात शेवटी पुठ्ठ्याची ती नळी राहिली. रेवाने ती उचलून डोळ्याला लावली.

"बाबा," ती कुजबुजली.

आत केसर होती. वाळलेली, पण जिवंत. अंगाला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा टेकेल अशी घट्ट बसलेली. एवढ्या मोठ्या महालात तिने तिच्या मापाची एकच जागा शोधली होती, आणि बाहेर काहीही चालू असो, ती तिथून हलली नव्हती. रेवाने ती नळी छातीशी धरली आणि मग मात्र जोरात रडली. मेधाचेही डोळे भरले. माझं विचारू नका.

मिसेस हॉलंडचा डबा मी गॅरेजमध्ये खिळे ठेवायला घेतला होता. तो धुतला, पुसला, खाली कागद घातला आणि नळीसकट केसरला त्यात ठेवलं.

सोमवारी तिला घेऊन आम्ही तिघं सापांच्या डॉक्टरकडे गेलो. पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या बाई. त्यांनी केसरला बोटांभोवती गुंडाळून नीट तपासलं.

"उपाशी आहे, पण ठीक होईल," त्या म्हणाल्या. "पिल्लाला मोठ्या जागेत उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. भक्ष्य सापडत नाही, ऊब सापडत नाही, मग ते लपतं आणि खाणं सोडतं. आधी छोटा डबा, दोन लपायच्या जागा. वाढेल तसं घर बदला. मोठी झाली की तुमचा टँक आहेच."

तेव्हाच उठून निघालो असतो तर सुटलो असतो. पण रेवाने बाईंना सगळी हकिकत सांगितली. फ्रीजमागचा साप, बास्केट, फोटो, सगळी.

बाईंनी चष्मा काढला. "त्याच रंगाचा कॉपरहेड असतो इथे. विषारी. हा तो नाही हे तुम्ही ओळखलंत कसं?"

"ओळखलं नाही," मी म्हटलं.

"आणि पेन्सिलीएवढं पिल्लू महिन्याभरात, काही न खाता, एवढं झालं असं तुम्हाला वाटलं?"

मी जमिनीकडे बघत होतो. बाईंना बहुधा माझी दया आली. विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्ही करता काय?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे," मी घाईघाईने म्हटलं.

"ओह, प्रोग्रॅमर?"

मी हो म्हणणारच होतो. पण लेक खोटं बोलू देईल तर ना!

"नो," रेवा म्हणाली, "बाबा टेस्टिंगमध्ये आहेत. ही फाइंड्स अदर पीपल्स मिस्टेक्स."