ताप नव्हे, कसकस

डॉ. वासंती परुळेकर यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांचा ओरडा खाऊनच. जोगेश्वरीतल्या एका रुग्णालयात मी शिकाऊ डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. रुग्णाचे नाव, वय, औषधे मी घडाघडा म्हणून दाखवली. मॅडमनी विचारले, "आजाराचा कितवा दिवस?" मला सांगता येईना. "मग बाकीचं पाठांतर कशाला केलंस गं?"

पुढे करोनाची साथ आली आणि त्या प्रश्नाचे मोल कळले. मॅडम समजावत, हा विषाणू पेशीत शिरला की आधी तिथली धोक्याची घंटा बंद पाडतो. प्रतिकारशक्तीला उशिरा जाग येते, आणि काहींच्या बाबतीत ती मग अशी चवताळते की तिच्याच माऱ्याने फुप्फुसे सुजतात. म्हणून सुरुवातीला विषाणूला रोखणारे औषध. प्रतिकारशक्तीला आवरणारे स्टेरॉइड मात्र पहिला आठवडा सरल्यावर, प्राणवायू घसरू लागला की. त्याआधी दिले तर लढणाऱ्या शरीराचेच हात बांधले जातात.

त्याच साथीत माझे बाबा आमच्याकडे दाखल झाले. मी आईला विचारले, "ताप कधीपासून?" ती म्हणाली, "परवापासून." मी कागदावर 'तिसरा दिवस' लिहून मोकळी झाले. संध्याकाळी बाबांचा प्राणवायू घसरू लागला, तरी मी अडून बसले. तिसऱ्याच दिवशी स्टेरॉइड नको! मॅडमचीच शिकवण मी मॅडमना ऐकवत होते.

त्यांनी वाद घातला नाही. सरळ आईला फोन लावला. "वहिनी, अंगात कसकस कधीपासून होती?"

"ती संकष्टीपासूनच," आई म्हणाली. "पण ताप खंय होतो? म्हणान सांगूक नाय."

संकष्टी होऊन नऊ दिवस झाले होते.

आमच्या मालवणी घरात कसकस म्हणजे आजार नव्हेच; काढा प्यायचा नि कामाला जायचे. हे मला जन्मापासून ठाऊक, आणि डॉक्टर झाल्यावर नेमके तेच विचारायचे मी विसरले. फार लाज वाटली. मॅडमनी माझा आकडा खोडून 'दहावा' लिहिला, शेजारी मला सही करायला लावली. "चूक खोडायची, झाकायची नाही. चल, इंजेक्शन दे आणि बाबांना पालथं झोपव."

पुढचे चार दिवस जिवाला घोर होता. मॅडम रोज स्वतः आईला फोन करून खुशाली कळवत. बाबा बरे होऊन घरी आले. माझी चूक मॅडमनी आजवर कुणाला सांगितली नाही, म्हणून ती इथे मीच सांगते आहे.

मॅडमची साठी पूर्ण होते आहे, त्यानिमित्त लिहिते आहे म्हटल्यावर बाबा म्हणाले, "माझा आयुष्य बाईंका लागांदे, असा लिही."

आई आतून ओरडली, "त्यांनी वाचवलेला त्यांकाच परत काय देतास?"

तेव्हा मॅडम, बाबांचे आयुष्य बाबांकडेच राहू दे. तुम्हाला तुमचे स्वतःचे, भरपूर आणि निरोगी लाभो.